कडेला खचलेली गादी

१२ फेब्रुवारी, बुधवार

१. दुपारी आई कामावर, इस्त्रीच्या टेबलापाशी, उभ्या उभ्या झोपली.
२. इस्त्री चालू होती. हॉटेलच्या पडद्याला तळहाताएवढं भोक पडलं.
३. आईचं डावं मनगट भाजलं. दोन फोड.
४. तिच्या शिवणकारखान्याच्या मालकीणबाईंचा मला फोन. आरडाओरडा नाही. "जळालेला पडदा मी सोसेन गं. जळालेली बाई मला नाही सोसायची. तिला झोप लागेल असं काहीतरी कर. पुन्हा असं झालं तर तिला इस्त्रीजवळ उभी करणार नाही."
५. झोप न लागण्याचं कारण — गादी. (आईने सांगितलं.)

एवढंच घडलं. क्रमाने लिहिलं की डोकं जागेवर येतं, म्हणून लिहिलं.

इस्त्री सुटली तर आई घरी बसणार. घरी बसलेली आई मी एकदा पाहिली आहे — बाबा गेले तेव्हा. भिंतीकडे तोंड, चहा निवून साय धरलेली. त्या कारखान्याने तिला उठवून उभं केलं, मी नाही. ते काम जाता कामा नये. हात भाजता कामा नये. दोन्हीला उपाय एकच, झोप. आणि झोपेला गादी.

गादी त्यांच्या लग्नातली. खाली काथ्या, वर कापूस. बाबा भिंतीकडे झोपायचे, आई खिडकीकडे. आता आई एकटीच.

खर्चाची मर्यादा: माझ्या एका पगाराचा तिसरा हिस्सा. वर काही नाही.

१३ फेब्रुवारी

मनगटाला मलम लावलं. "भाजलं ते बरं झालं, जाग तरी आली!" — आई. विनोद होता. मी हसले नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जुनी गादी मोजली. आई बाहेर होती. पद्धत: या कडेपासून त्या कडेपर्यंत दोरा ताणायचा आणि दोऱ्यापासून गादीपर्यंतची खोली स्टीलच्या पट्टीने घ्यायची. खिडकीकडे स्टूल अडवं येत होतं. त्यावरची उशी उचलून खाटेवर टाकली, स्टूल सरकवलं.

भिंतीकडे जवळजवळ सपाट. मधे किंचित. खिडकीकडच्या कडेला, लांबीच्या साधारण मध्यावर — चार सेंटिमीटर! घमेल्यासारखा खड्डा.

निष्कर्ष: गादी कडेला खचली आहे. साहजिक आहे. उठता-बसता भार कडेवरच येतो आणि जुन्या गाद्यांना कडेला आधार नसतो. नव्या गादीचा पहिला निकष: कड पक्की हवी.

मी दोरा गुंडाळत असताना मामा आला. दारातूनच सुरू. "गादी घेतेयस की प्लॉट? मोजणी चाललीय!" मागून आई पिशवी घेऊन आली. मामा म्हणाला, "ताई, दमलेला माणूस दगडावर झोपतो." आई खुर्चीत टेकली, जरा दम घेतला आणि म्हणाली, "मग तू दगड घेऊन जा. मला माझी लेक गादी आणतेय."

माझी लेक. असं ती सहसा म्हणत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

तिघं गादीच्या दुकानात. मामा टेम्पोसकट, कारण घरपोच पाठवायचे पैसे मला द्यायचे नाहीत.

गादीवाला गोड बोलतो. "काकू, संकोच नको, आपलंच घर समजा. आडव्या व्हा." आई: "घरी एवढी माणसं बघत नसतात हो." सगळे हसले. ती कडेला बसली, दोनदा उसळून पाहिलं, म्हणाली, "बरी आहे. घे."

मी म्हणाले, असं नाही. पाठीवर झोपायचं, दहा मिनिटं. त्याशिवाय कमरेखाली पोकळी राहते का ते कळत नाही.

झोपली. अर्धं मिनिटसुद्धा नाही! उठून बसली, खोकली. "वास किती याचा, नाकातच बसला." गादीवाला म्हणाला, नव्या फोमचा वास, आठवड्यात उडतो. मी टिपून घेतलं: वास, आठवडा.

मग मामाला झोपवलं — त्याचं आणि आईचं वजन जवळपास सारखं. तिसऱ्या गादीवर तो खरोखरच घोरायला लागला. दोन गिऱ्हाइकं येऊन बघायला उभी. आई म्हणाली, "हीच घे. याला झोपवते म्हणजे औषधच आहे." गादीवाला म्हणाला, "मामांना इथेच ठेवून जा, माझी विक्री वाढेल."

आईला मी खूप दिवसांनी असं हसताना पाहिलं. हसताना पुन्हा खोकला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ठरवलं. कारणं लिहून ठेवते, नंतर स्वतःशी वाद नको.

काथ्याची: स्वस्त, थंड, टणक. पण आतला थर एकदा तुटला की तुकडे टोचतात. स्प्रिंगची: कड भक्कम मिळते, पण स्वस्तातल्या स्प्रिंगा लवकर कुरकुरतात. फोमची: सगळं घनतेवर. बत्तीसचा फोम दोन वर्षांत बसतो, चाळीसचा टिकतो. दुकानदार मऊपणा दाखवतो. टिकाऊपणा लेबलाच्या मागच्या बाजूला असतो, बारीक अक्षरांत. मी लेबल उलटून वाचलं तेव्हा गादीवाला म्हणाला, "मॅडम, तुम्ही कशात आहात?" म्हणाले, वजनकाटे तपासते. दुकानांचे, कारखान्यांचे. काटा कुठे आणि किती खोटं बोलतो ते सांगायचं, हे माझं काम. त्यानंतर तो कमी बोलला.

घेतली: चाळीसचा फोम, वर पातळ मऊ थर, कडेला जास्त घट्ट पट्टी. जाडी आठऐवजी सहा इंच. भरतकामाचं कव्हर नको. मर्यादेत बसली. तीस दिवसांत एकदा बदलून मिळेल — हे पावतीवर लिहून घेतलं.

२० फेब्रुवारी

गादी आली. जुनी गादी मामा घेऊन गेला. आईने नव्या गादीवर हात फिरवला, लहान मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. "राणीचा पलंग झाला गं."

२१ फेब्रुवारी

"झोप कशी?" — "छान."

फार पटकन म्हणाली. मी सहाच्या पाळीला निघते. मी उठते तेव्हा ती नेहमीच उठलेली असते. चहा गाळून तयार.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मालकीणबाईंचा फोन. हात बरा होईपर्यंत आईला त्यांनी इस्त्रीवरून काढून चादरींच्या घड्या घालायला बसवलंय. आज घड्यांच्या ढिगावर डोकं ठेवून झोपली. "पोरी, गादी आणलीस म्हणालीस ना?"

आणली. चाळीसची.

संध्याकाळी आईला विचारलं, गादी टणक वाटते का? "हो गं, जरा टणकच आहे." कमरेला लागते का, असं विचारलं. "हो, कमरेलाच." खांद्याला लागते का, असं विचारलं. "खांद्यालाही."

२५ फेब्रुवारी

गादीवाल्याला फोन. तो: "मॅडम, अंगाला सवय व्हायला वेळ लागतो." मला वेळ नाही. मालकीणबाई महिनाअखेरीला कामं वाटून देतात. घड्या घालायला त्यांच्याकडे मुली आहेत. इस्त्री चांगली येणारी आई एकच आहे — पण जागी असेल तर.

आईने माझ्या जुन्या चपला मागितल्या. तिच्या आवळतात म्हणे. दिल्या.

२७ फेब्रुवारी

बाजारातून येताना आई जिन्यात मधल्या टप्प्यावर थांबली. "किल्ली शोधते." किल्ली माझ्या हातात होती. तिला म्हणाले तसं. "बघ! झोप नाही ना, डोकंच चालत नाही."

हे खरं आहे. झोप नसली की डोकं चालत नाही. घाई करायला हवी.

१ मार्च, शनिवार

गादी बदलली. आता स्प्रिंगची, वर फोमचा जाड मऊ थर. फरकाची रक्कम भरली. मर्यादा ओलांडली — पहिल्यांदाच. बदलून मिळायची संधीही संपली. आता ही लागलीच पाहिजे.

मामा गादी पाठीवर घेऊन तिसऱ्यांदा जिना चढउतार करत होता. "ताई, ही तरी पसंत कर गं बाई. नाहीतर पुढची गादी माझ्या पाठीला लागेल."

आई दारात उभी. "अरे, पसंतच आहे." अजून गादी खाटेवर पडलीही नव्हती.

२ मार्च, रविवार

आईने नवी चादर घातली. घरच्या चादरीला ती अशी इस्त्री करते की पाहुणा बसायला कचरतो. घडीच्या रेघा सुरीसारख्या. हात अजून पुरता बरा नाही, तरी.

मालकीणबाईंनी तिला आठ दिवस दिलेत. पुढच्या सोमवारी पुन्हा इस्त्रीवर घेऊन बघणार.

४ मार्च

"झोप?" — "लागते की."

डोळ्यांखाली काळं. आवाज बसल्यासारखा. मी पुढे विचारलं नाही.

६ मार्च, गुरुवार

आज जेवताना ती ताटावर पेंगली. घास हातात. मी हाक मारली तर दचकून म्हणाली, "जागीच आहे!"

मी म्हणाले, "गादी पुन्हा आवडली नाही?"

"आवडली गं. पण जरा... मऊ आहे का फार?"

टणक होती ती बदलून मऊ आणली. आता मऊ!

मी म्हणाले, "तुला गादी नकोच आहे. तुला तक्रार हवी आहे." शांतपणे म्हणाले. ओरडले असते तर बरं.

"असेल बाई," म्हणाली. उठून भांडी घासायला लागली. घासलेलीच होती.

७ मार्च

बोलणं नाही. चहा मात्र गाळून ठेवलेला होता.

८ मार्च, शनिवार

कामावर दिवसभर एकच विचार. दोन वेगवेगळे काटे आणले, दोन्ही नीट तपासलेले, आणि दोन्हींवर एकच चूक दिसते. अशा वेळी काट्याला दोष देत नाहीत. वर काय ठेवलंय ते बघतात. हे मी नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवते.

गादी टणक, झोप नाही. गादी मऊ, झोप नाही.

मी अजून गादीच बघते आहे.

९ मार्च, रविवार

स्प्रिंगची गादी सुरुवातीला दर आठवड्याला फिरवायची असते, डोक्याची बाजू पायाकडे. मामाला बोलावलं. आई स्वयंपाकघरात होती. पांघरूण उचललं आणि तिथेच थांबले.

मागच्या रविवारी घातलेली चादर. घडीच्या रेघा तशाच. उभी रेघ, आडव्या रेघा, सगळ्या सुरीसारख्या! आठवडाभर झोपलेल्या माणसाच्या अंगाखालची चादर अशी राहत नाही. चुरगळली होती ती फक्त खिडकीकडची हातभर कड. तिथे खड्डा, गोल. घमेल्यासारखा. जुन्या गादीत होता तिथेच, तेवढाच रुंद. कडेच्या भक्कम स्प्रिंगांवरसुद्धा.

आडव्या माणसाचा खड्डा लांबट असतो. हा बसलेल्या माणसाचा होता.

समोर स्टूल. स्टुलावर उशी. उशीला मधे खोलगट — कपाळाएवढी.

मामा म्हणाला, "काय झालं? उचलायची ना?" मी म्हणाले, नको.

स्वयंपाकघरात गेले. आई ओट्याला टेकून उभी होती. मी विचारलं, "आई, तू आडवी कधीपासून होत नाहीस?"

तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "आडवं झालं की छातीवर कुणीतरी बसतं गं. बसून राहिलं की बरं असतं. स्टुलावर डोकं टेकते, तेवढ्यात लागते डुलकी."

"कधीपासून?"

"थंडीच्या आधीपासून."

मामा दारात. पहिल्यांदाच त्याला विनोद सुचला नाही. "ताई, अगं बोलायचं नाही का?"

"दवाखान्यात गेलं की ते घरी बसवतात. मला घरी नाही बसायचं." मग माझ्याकडे बघून, "आणि हिने विचारलं, गादीमुळे का? मी म्हटलं, असेल."

मी म्हणाले, "असं नव्हतं. तू म्हणालीस गादी."

"नाही गं. तू म्हणालीस." रागाने नाही, समजावल्यासारखं. "मला वाटलं, बरं झालं, हिला मोजता येईल असं काहीतरी सापडलं. पट्टी घेऊन आलीस, दोरा घेऊन आलीस. कितीतरी दिवसांनी माझ्या खोलीत आलीस."

दवाखान्यात न्यायला मामा टेम्पो काढायला निघाला. आई म्हणाली उद्या जाऊ, आज रविवार आहे. मामा म्हणाला, "ताई, आता तू बोलायचं नाहीस. तू बोलायला लागलीस की आम्ही गाद्या आणतो." ती हसली, आणि जिना उतरताना मधल्या टप्प्यावर थांबली. किल्ली शोधते, असं या वेळी म्हणाली नाही. मी तिचा दंड धरला. चपलेबाहेर आलेली पावलं पाहिली. माझ्या चपला तिला मोठ्या व्हायला हव्या होत्या.

१० मार्च, सोमवार

ठेवून घेतलं.

तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा पहिलाच प्रश्न: "झोपताना उशा किती घेता?" आई म्हणाली, "आधी दोन, मग तीन. मग उशांनी भागेना." डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, जणू तेवढ्यात सगळं कळलं. पाय दाबून पाहिला — बोटाचा खळगा तसाच राहिला. हृदय दमलंय, छातीत पाणी धरलंय, म्हणाल्या. अजून थोडं थांबला असतात तर अवघड होतं. आता औषधाने पाणी उतरेल, पण औषध कायमचं.

गादी कोणती, हे कोणी विचारलं नाही.

मी गादी मोजली. उशा मोजल्या नाहीत. चौदा तारखेला एक उशी मी स्वतःच्या हाताने उचलून बाजूला टाकली, दोरा नीट ताणता यावा म्हणून.

१२ फेब्रुवारीच्या नोंदीत दुरुस्ती. क्र. ५ मधलं "आईने सांगितलं" खोडावं. तो माझा अंदाज होता. तिने फक्त "असेल" म्हटलं होतं. माझा अंदाज मी तिच्या नावावर लिहिला आणि महिनाभर त्यावर काम केलं. कामावर कोणी असं केलं असतं तर मी त्याला काट्याजवळ उभं केलं नसतं.

११ मार्च, मंगळवार

परिचारिकेने खाटेचं हँडल फिरवलं. उशाकडची बाजू वर आली, आई अर्धवट बसती झाली. "असं बरं वाटतं का मावशी?" आई उत्तर द्यायच्या आतच झोपली. भर दुपारी, तोंड उघडं, एक हात खाली लोंबता. मी हात उचलून वर ठेवला. जागी झाली नाही!

मामा भेटायला आला, कुजबुजत म्हणाला, "कुठली गादी आहे ही? घेऊन टाकू."

चाचपून पाहिली. रेक्झिनचं कव्हर, कोपऱ्यात फाटलेलं. दोन-अडीच इंच. फोम बोटाने दाबला तर खालचा पत्रा लागतो. माझ्या एकूण एक निकषात नापास.

आई घोरत होती. मामा म्हणाला, "आमच्या घराण्याचंच आहे ते."

मालकीणबाईंना फोन केला. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या: "तिला सांग, इस्त्री कुठे पळून जात नाही. बसून करता येईल असं टेबल बनवून घेते. पण आधी तिला लोळू दे."

आई उठल्यावर सांगितलं. तिने आधी तोंड फिरवलं, मग म्हणाली, "टेबलाची उंची किती ठेवणार, ते विचारलंस का?"

विचारलं नाही. उद्या विचारते.

१२ मार्च, बुधवार

गादीवाल्याला पाठवलेला मजकूर. नक्कल:

"एक तारखेला बदलून दिलेल्या स्प्रिंगच्या गादीबद्दल. गादीत दोष नाही. आधीच्या फोमच्या गादीतही नव्हता. माझी तक्रार चुकीची होती, ती मागे घेते. पावतीप्रमाणे आता बदली मिळत नाही, हे मला माहीत आहे. तरी विचारते. घरी उशाकडची बाजू वर उचलणारी खाट येते आहे. स्प्रिंगची गादी तिच्यावर वाकणार नाही, फोमची वाकेल. आधीची फोमची गादी तुमच्याकडे पडून असेल तर तीच द्या, वापरलेली चालेल. एका माणसापुरती कापून द्या. आईच्या खोलीत उरलेल्या जागेत माझी खाट लावायची आहे, मोजून पाहिलं आहे, बसते. शुक्रवारी सकाळपर्यंत कळवा. शुक्रवारी दुपारी आई घरी येते आहे."